छत्री विसरून येणारे नेरूरकर

नेरूरकर माझ्याकडे पहिल्यांदा छत्री विसरले तो नोव्हेंबर महिना होता. आभाळात ढग नव्हता. मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत मी तिसऱ्या मजल्यावर नुकताच राहायला आलो होतो. ते चौथ्या मजल्यावरून ओळख करून घ्यायला खाली आले, अर्धा कप चहा प्याले, मी कुठल्या वर्तमानपत्रात आहे, पाळी कधीची असते, वगैरे चौकशी केली आणि दारामागे छत्री ठेवून निघून गेले. दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी ती वर नेऊन दिली. त्यांनी ती उघडली, फिरवून सगळ्या काड्या पाहिल्या, मिटली आणि म्हणाले, "ये रे, बस. पोहे खाऊन जा."

नोव्हेंबरात छत्री कशाला, हा प्रश्न मला तीन वर्षांनी पडला. बातम्या तपासण्याची नोकरी करणाऱ्याला तो त्याच दिवशी पडायला हवा होता.

गजानन नेरूरकर वजन-मापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते. मूळ गाव कुडाळजवळ. बुटके, सडपातळ, पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा, खिशात दोन पेनं. इमारतीत त्यांना 'इन्स्पेक्टर' म्हणत आणि नवीन येणाऱ्याला ते पोलिसातले वाटत. हा गैरसमज ते दूर करत नसत. तीस वर्षं त्यांनी दुकानांतली वजनं तपासली होती. आतून पोकळ केलेली, तळाला शिशाऐवजी लाख भरलेली वजनं त्यांना नुसत्या आवाजावरून कळत. वजन ओट्यावर ठेवलं की कान तिकडे जायचा.

बाजारात मात्र ते तराजूकडे बघतही नसत. भाजीवाली त्यांना ओळखून असायची आणि थोडं जास्तच घालायची. घरी आल्यावर ते भेंडी तोलत आणि पिशवी घेऊन परत जात.

"जास्त दिलंस. काढ."

"राहू द्या ना साहेब, आपलंच आहे."

"कमी दिलंस तरी चूक, जास्त दिलंस तरी चूक. काढ."

मालतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणायच्या, "सहा भेंड्यांसाठी चार जिने उतरतात आणि चढतात. माझे गुडघे असे असते तर मीसुद्धा प्रामाणिक राहिले असते."

सगळं प्रकरण त्या गुडघ्यांपासूनच सुरू झालं. इमारतीला लिफ्ट नव्हती. मालतीबाई बाजारातून येताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर बसायच्या, मग तिसऱ्यावर आमच्या दाराशी. मग त्यांनी उतरणंच कमी केलं. एके दिवशी नेरूरकर त्यांना म्हणाले, "आज तेवीस दिवस झाले, तू खाली गेलेली नाहीस." ते दिवस मोजत होते हे मालतीबाईंना माहीत नव्हतं.

पेन्शन बेताचं होतं. त्यातला काही भाग मुलीच्या लग्नासाठी आधीच विकलेला. तळमजल्याचं घर विकत घ्यावं तर हे घर विकून येणारे सगळे पैसे त्यातच गेले असते, वर आणखी घालावे लागले असते, आणि महिन्याचा खर्च होता तिथेच राहिला असता. नेरूरकरांनी दोन रविवार कागदावर आकडे मांडले आणि तिसऱ्या रविवारी जाहीर केलं: घर विकायचं, रक्कम व्याजाला लावायची, तळमजल्यावर भाड्यानं राहायचं.

मालतीबाईंचे धाकटे भाऊ बंडू त्या दिवशी जेवायला होते. मी वर श्रीखंडाची वाटी द्यायला गेलो होतो, म्हणून हे संभाषण ऐकलं.

"भावोजी, लोक भाड्याच्या खोलीतून स्वतःच्या घरात जातात. तुम्ही उलटे निघालात!"

"उलटं नाही. खाली," नेरूरकर म्हणाले. "चौथ्या मजल्यावरून खाली."

"आणि उद्या पैसे बुडाले तर? ना पैसे, ना घर. वाट लागेल."

तो मुद्दा खरा होता आणि नेरूरकरांना तो बंडूंच्या आधीपासून ठाऊक होता. एक लाख साठ हजार येणार होते. दुसरी कमाई या जन्मात होणार नव्हती.

मालतीबाई वाढता वाढता म्हणाल्या, "माझी एकच अट. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात घरखर्च माझ्या हातात पडला पाहिजे. बंडू, तुझ्याकडे किंवा जावयाकडे मी मागायला जाणार नाही. ज्या दिवशी जावं लागेल, त्या दिवशी हे घर परत आणून द्या मला."

"कबूल," नेरूरकर म्हणाले.

रकमेची व्यवस्था त्यांनी अशी केली. सरकारी बँका मुदत ठेवीवर दर तीन महिन्यांनी व्याज देत. त्यांनी दीड लाखाचे तीन सारखे भाग केले आणि तीन बँकांत एकेक महिन्याच्या अंतराने ठेवले. त्यामुळे व्याज एका बँकेतून एका महिन्यात, दुसरीतून दुसऱ्या, तिसरीतून तिसऱ्या महिन्यात येऊ लागलं आणि चौथ्या महिन्यात पुन्हा पहिली. उरलेले दहा हजार घरमालकाच्या डिपॉझिटला. पहिले तीन महिने पेन्शनवर काढले. पुढे मालतीबाई सांगत, "मला मुलगा नाही, पण सुना तीन आहेत. पाळीपाळीनं पोसतात."

पण पैसे ठेवण्याआधी त्यांनी जे केलं ते बँकांच्या लोकांना बराच काळ आठवत असावं. प्रत्येक बँकेत त्यांनी आधी फक्त पाचशे रुपये मुदतीवर ठेवले आणि दोन-तीन आठवड्यांनी मोडायला गेले. एका बँकेत मी सोबत होतो, कारण तिथून आम्हाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं.

"काका, परवाच तर ठेवलेत!" काउंटरवरचा मुलगा वैतागला. "व्याज मिळणार नाही."

"नको."

"मग अडचण काय आहे?"

"अडचण काहीच नाही. परत द्या."

तो साहेबांकडे जाऊन आला, फॉर्म दिला, सही दोनदा घेतली, पैसे दिले. नेरूरकरांनी घड्याळ पाहिलं. "पस्तीस मिनिटं," ते बाहेर आल्यावर म्हणाले. "तोंड वाकडं, पण पैसे सरळ. चालेल." दुसऱ्या एका बँकेत मॅनेजरनं स्वतः उठून खुर्ची दिली, खूप गोड बोलला आणि सोमवारी या म्हणाला. ती बँक यादीतून गेली.

ही त्यांची नोकरीतली रीत होती. दुकान तपासायचं तर साध्या कपड्यांत जाऊन आधी किलोभर साखर विकत घ्यायची, मग बाहेर येऊन ती तोलायची. त्याला ते चाचणी खरेदी म्हणत. "घेताना सगळ्यांचे हात मऊ असतात रे," ते मला म्हणाले. "परत देताना बघायचं."

त्या वर्षांत आमच्या वर्तमानपत्रात कंपन्यांच्या ठेवींच्या मोठमोठ्या जाहिराती येत. बँकेपेक्षा चार-पाच टक्के जास्त व्याज. अशाच एका कंपनीची एजन्सी बंडूंनी घेतली. एका सुटीच्या दिवशी ते नवी ब्रीफकेस घेऊन आले आणि एक तरी 'सून' इकडे आणा म्हणून बहिणीच्या मागे लागले.

"ताई, दर महिन्याला दोनशे जास्त पडतील. दोनशे! अगं, कामवाली ठेवशील."

मालतीबाई नवऱ्याकडे बघू लागल्या. भाऊ सख्खा होता. कामवालीचा मोहही होता.

नेरूरकर माझ्याकडे वळले. "तुमच्या पेपरात येते ना ही जाहिरात? तुम्ही तपासता?"

"नाही. जाहिरात वेगळ्या खात्यात येते."

"म्हणजे वजनावर शिक्का नाही," ते म्हणाले, आणि बंडूंना एक हजार रुपये दिले. बंडूंचा चेहरा उतरला.

"हजार? भावोजी, पन्नास म्हणालो मी."

"चाचणी खरेदी."

सहा महिन्यांनंतर रक्कम परत मागता येईल असं पावतीवर छापलेलं होतं. सातव्या महिन्यात नेरूरकर अंधेरीला कंपनीच्या कचेरीत गेले. काचेचं दार, आत थंड हवा, त्यांना थंड सरबत मिळालं. दुसऱ्या खेपेला सरबत मिळालं आणि साहेब दिल्लीला गेल्याचं कळलं. तिसऱ्या खेपेला चेक मिळाला, त्यावर सही नव्हती. चौथ्या खेपेला सरबत बंद झालं. पाचव्या खेपेला ते डबा घेऊन गेले आणि काचेच्या दारासमोरच्या सोफ्यावर बसून, येणाऱ्या नव्या ठेवीदारांना "या, बसा. मी पैसे परत घ्यायला आलोय," असं प्रत्येकाला नम्रपणे सांगत राहिले. साडेबाराला त्यांना एक हजार रुपये रोख मिळाले, बहुतेक दहाच्या नोटा.

संध्याकाळी त्यांनी त्या नोटा मालतीबाईंसमोर ठेवल्या. "पाच खेपा, चार हेलपाटे फुकट. पन्नास हजारांना किती लागतील, तूच कर हिशेब."

मालतीबाईंनी तो कधी केला हे माहीत नाही, पण पुढच्या भेटीत बंडूंनी विषय काढताच त्या म्हणाल्या, "बंडू, तुला जेवायचंय की एजन्सी करायचीय? दोन्ही इथे होणार नाही." वर्षभरात त्या कचेरीचं काचेचं दार कुलुपात गेलं. बंडूंचे स्वतःचे आठ हजार आत राहिले. ते आले तेव्हा नेरूरकरांनी त्यांना शब्दानं काही विचारलं नाही. सोलकढी वाढली, आणि बंडूच बोलू लागले तेव्हा मालवणीत म्हणाले, "गप रव आणि जेव."

घरमालकांची चाचणी मात्र पैशांनी घेता येत नव्हती. अकरा महिन्यांच्या करारानं घर मिळे, मग मालक हात वर करी, नवं घर शोधायचं. दर वेळी प्रश्न डिपॉझिटचा. दहा हजार देऊन झाल्यावर तो माणूस कसा आहे हे कळून उपयोग नाही, आधी कळायला हवं. यासाठी छत्री होती.

खोली बघायला गेले की ते चहा घेत, गप्पा मारत आणि छत्री तिथे विसरत. आठ दिवसांनी "सहज आलो होतो" म्हणून जात. छत्री लगेच मिळाली तर करार. शोधाशोध करावी लागली तर विचार. "कुठली छत्री?" असं उत्तर आलं तर नमस्कार करून परत. अशा दोन छत्र्या गेल्या. त्यातल्या एका मालकानं पुढच्या भाडेकरूला दोन वर्षं डिपॉझिटसाठी खेटे घालायला लावल्याचं मी स्वतः नंतर चौकशी करून पक्कं केलं. "पंचवीस रुपयांची छत्री गेली, दहा हजार वाचले," नेरूरकर म्हणाले. हे ऐकताना मला आमच्या दारामागची नोव्हेंबरातली छत्री आठवली. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. फक्त मालतीबाईंनी पदराआड तोंड केलं.

पहिली दोन घरं मुलुंडलाच झाली. तिसऱ्याच्या शोधात ते घाटकोपरला कांताबेन नावाच्या विधवा बाईंकडे पोचले. वय सत्तरीचं, एकट्या, दोन मजली जुनं घर. वर स्वतः राहत, खाली खोली-स्वयंपाकघर, मागे तुळस, एकही पायरी नाही. मालतीबाई आत शिरल्या आणि सरळ मागच्या अंगणात जाऊन उभ्या राहिल्या. परत येताना रिक्षात त्या म्हणाल्या, "हे घ्या." त्या सहसा असं म्हणत नसत.

छत्री तिथे राहिली होतीच. आठ दिवसांनी नेरूरकर गेले. कांताबेन वर झोपल्या होत्या, कामाला येणाऱ्या बाईनं सांगितलं, इथे छत्री-बित्री काही नाही. नेरूरकर परत आले आणि यादीत रेघ मारली.

"अहो, कांताबेनना तर विचारा," मालतीबाई म्हणाल्या.

"विचारून काय सांगणार? नाही म्हणजे नाही. रीत ती रीत."

"रीत गुडघ्यांना सांगा."

राहत्या खोलीचा करार संपायला नऊ दिवस उरले. हाती होती ती एकच जागा, भांडुपची, पहिल्या मजल्यावरची, दीडशे रुपये जास्त भाड्याची. व्याज तेवढंच होतं. नेरूरकरांनी दूध अर्धा लिटर कमी करायचा हिशेब मांडला. घर विकल्यापासून पहिल्यांदाच आकडे जुळत नव्हते, आणि दोघं एकमेकांशी कमी बोलत होते.

त्याच आठवड्यात चौथ्या मजल्यावरच्या नव्या मालकीणबाईंनी, म्हणजे नेरूरकरांचं घर ज्यांनी घेतलं त्यांनी, मला जिन्यात थांबवलं.

"तुमचे नेरूरकर भेटतात का हो? त्यांची छत्री आमच्याकडे पडलीय पंधरा दिवस. एक म्हाताऱ्या गुजराती बाई देऊन गेल्या. बिचाऱ्या दोनदा जिन्यात बसल्या म्हणे. मी पाणी दिलं."

छत्रीच्या दांड्यावर पांढऱ्या रंगानं बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं: ग. नेरूरकर, चौथा मजला, आणि आमच्या इमारतीचा पत्ता. रंग त्यांनीच दिला होता, घर विकण्याच्या कितीतरी आधी. पुढे घरं बदलली, छत्र्या हरवल्या, ही सगळ्यात जुनी छत्री तेवढी टिकली, आणि तिच्यावरचा पत्ता बदलायचं राहून गेलं. लोकांची वजनं तपासणाऱ्याचं स्वतःचं वजन दोन वर्षं तपासलं गेलं नव्हतं.

मी छत्री नेऊन दिली. त्यांनी दांडा वाचला. नेहमीसारखी ती उघडून पाहिली नाही. सरळ चपला घातल्या.

"थांबा," मालतीबाई म्हणाल्या, "मी येणार. आणि खरं काय ते सांगायचं. नुसतं आभार मानून चालणार नाही."

मला साक्षीदार म्हणून नेलं. कशाचा साक्षीदार, ते कोणी सांगितलं नाही.

कांताबेन ओट्यावर बसून मेथी निवडत होत्या. छत्री बघून हसल्या. "मिळाली काय? बाप रे, चार माळे! मी त्या पोरीला बोलली, नेरूरकरभाईला बोलाव, तर ती बोलते ते तर कधीच गेले. मी बोलली, मग हा पत्ता कशाला लिहिलाय भाई? पाणी पिली आणि छत्री ठेवून आली."

नेरूरकर उभेच होते. सरकारी साक्षीत बोलावं तसं ते बोलले. छत्री विसरली नव्हती, मुद्दाम ठेवली होती. ती परत मिळते का, याची ती चाचणी होती. कामवाल्या बाईचं ऐकून चुकीचा निष्कर्ष काढला. पत्ता जुना होता, ती चूकही त्यांची.

मेथीवरचा हात थांबला. "म्हणजे कांताबेन चोर आहे का नाही, ते बघत होते?"

"होय."

"आणि मी चोर निघाली."

"होय. कागदावर."

मालतीबाई खाली बसल्या आणि मेथीची एक जुडी पुढ्यात ओढून निवडू लागल्या. कांताबेननी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांच्या सुजलेल्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"तुम्ही तिथे चार माळे चढत होत्या? रोज?"

"अकरा वर्षं."

"मी एकदाच चढली, तर तीन दिवस पाय चोळत होती," कांताबेन म्हणाल्या, आणि मग नेरूरकरांना, "खोली रिकामी आहे. डिपॉझिट दहा हजार. आणि ही छत्री. छत्री इथे वरती माझ्या खिळ्यावर राहणार. खोली परत कराल, तेव्हा मी बघणार कशी परत करता, मग छत्री देणार. आता माझी चाचणी."

'चाचणी' हा शब्द त्यांना नुकताच मिळाला होता. त्यांनी तो चांगला वापरला.

घरी गेल्यावर भांडुपला नकार कळवला, आणि दूध पुन्हा पूर्वीइतकंच चालू झालं. छत्री वर जाण्याआधी नेरूरकरांनी दांड्यावरचा पत्ता पात्यानं खरवडून काढला. नाव तेवढं ठेवलं.

त्या घरात ते टिकले. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तिघींपैकी एका सुनेचे पैसे येत आणि पाकिटातून मालतीबाईंच्या हातात जात. त्यांना कोणाकडे मागायला जावं लागलं नाही. संध्याकाळी त्या स्वतः बाजारात जात, एक पायरी न उतरता.

एक गोष्ट नोंदवायला हवी. काही वर्षांत मुलुंडच्या त्यांच्या जुन्या घराची किंमत दुपटीच्या पुढे गेली. बंडूंनी ती बातमी त्वरेनं आणली. "भावोजी, थांबला असतात तर!"

नेरूरकरांनी आकडा खोटा ठरवला नाही. कागद घेऊन वजाबाकी केली, ती मोठी होती. "हे माझ्या हिशेबात नव्हतं," त्यांनी मान्य केलं. मग मागच्या अंगणात तुळशीला पाणी घालणाऱ्या मालतीबाईंकडे पेन्सिल दाखवली. "हे तुझ्या हिशेबात नाही. दोन्ही पारडी धर, मग बोल."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते अशाच एका करारबदलाच्या दिवशी. मी बोरिवलीला जागा घेतली होती आणि मुलुंड सोडणार होतो. ऐकून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल्डरकडे छत्री ठेवून बघितलीस?" नव्या करारावर साक्षीदार म्हणून सही करायला मी सकाळी घाटकोपरला गेलो.

दोन करारांच्या मधे एक दिवस खोली रिकामी दिसली पाहिजे, असं वकिलांचं म्हणणं असे. बाकीचे लोक हा दिवस कागदावर दाखवत. नेरूरकर तो पाळत. खोली झाडून, स्टोव्ह विझवून, कुलूप लावून त्यांनी किल्ली वर नेऊन दिली. कांताबेन खाली आल्या, भिंती पाहिल्या, नळ सोडून बंद केला, मोरीत डोकावल्या आणि म्हणाल्या, "पास." मग दहा हजारांचं पाकीट आणि छत्री त्यांच्या हातात दिली. नेरूरकरांनी छत्री उघडून काड्या पाहिल्या.

"सगळ्या आहेत?" कांताबेननी विचारलं.

"आहेत."

"संध्याकाळी परत आणा."

पाकीट त्यांनी मला दिलं. "संध्याकाळी येऊन घेईन. जुहूला गर्दीत कशाला न्यायचे."

"मोजून देता?"

"तुझी तपासणी झालीय रे," ते म्हणाले. "नोव्हेंबरात."

मालतीबाईंनी नवी साडी नेसली होती. या रिकाम्या दिवशी ते दोघं दर वेळी जुहूला जात, वाळूत बसत, भेळ खात आणि सहाच्या आत परत येत. ऊन कडक होतं. मी आणि कांताबेन ओट्यावरून बघत होतो. बसस्टॉपपर्यंत त्यांनी छत्री मालतीबाईंच्या डोक्यावर धरली होती, स्वतः उन्हात चालत होते. मधेच मालतीबाई काहीतरी बोलल्या आणि दोघंही मोठ्यानं हसले. सकाळचे दहा वाजले होते. संध्याकाळी सहापर्यंत त्या दोघांना मुंबईत कुठेही घर नव्हतं.